पोपटपंची आणि प्रज्ञा

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे संभाषणयंत्र जगापुढे आले. त्यानंतर आठवडाही उलटला नसेल, तोच ते निर्माण करणाऱ्या ओपनएआय कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी जाहीर केले की, आपण स्वतः एक आकडेमोडी पोपट आहोत आणि तुम्हीही तेच आहात! ही उपमा मुळात त्यांची नव्हे. एमिली बेंडर, टिम्निट गेब्रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मधील एका निबंधात भाषिक प्रारूपांना असे पोपट म्हटले होते. अर्थाची वार्ता नसताना केवळ शक्यता जुळवून शब्दामागे शब्द मांडणारे. ऑल्टमन यांनी त्या टीकेचे खंडन केले नाही. पोपटांच्या यादीत साऱ्या मानवजातीचे नाव घालून ते मोकळे झाले! हा विनोद होता असे क्षणभर मानू. पण आज तोच सिद्धांत म्हणून मिरविला जात आहे आणि ‘माणूस तरी दुसरे काय करतो?’ असा प्रश्न सुशिक्षितांच्या बैठकीत मोठ्या ऐटीत विचारला जात आहे.

माणूस दुसरे काय करतो, ते पाहू. जीपीटी-३ हे २०२० मधील प्रारूप सुमारे ३० हजार कोटी शब्दांशांवर घडविण्यात आले; पुढचा शब्दांश कोणता येणे अधिक संभवनीय, हे त्याचे गणित. चार वर्षांच्या मुलाच्या कानी तोवर फार तर काही कोटी शब्द पडलेले असतात, तरी ते आईशी बिनतोड वाद घालते. ‘गरम’ म्हणजे काय, हे त्याला कळते ते दुधाने तोंड पोळल्यावर.

एमआयटीतील इव्हेलिना फेडोरेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला लेख या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मेंदूवरील आघाताने ज्यांची भाषा जवळजवळ संपूर्ण हरपली, असे काही रुग्ण हिशेब करतात, बुद्धिबळ खेळतात, कार्यकारणभाव ओळखतात. निरोगी माणूस गणित सोडवीत असतानाही मेंदूतील भाषेची केंद्रे बहुतांशी स्वस्थ असतात. (शब्दावाचून ज्ञान नाही, असे मानणाऱ्या भर्तृहरींच्या अनुयायांनाही याचा विचार करावा लागेल, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.) माणसाचे शब्द गेले तरी विचार उरतो. भाषिक प्रारूपातून शब्द काढून घेतले तर काय उरेल?

यावर प्रतिपक्षाचे एक उत्तर असते आणि ते पोकळ नाही. माणूसही आपल्या कृतीची कारणे मागाहून रचतो, असे ते म्हणतात. मायकेल गझानिगा यांनी मेंदूचे दोन अर्ध विलग केलेल्या रुग्णांवर केलेल्या प्रयोगांत हे दिसले आहे. यंत्राचेही तसेच. अँथ्रॉपिक कंपनीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये क्लॉड या प्रारूपाचे अंतरंग तपासले, तेव्हा ३६ आणि ५९ यांची बेरीज त्याने एका वाटेने अदमास आणि दुसऱ्या वाटेने शेवटचा अंक काढून केल्याचे आढळले. ‘कशी केली?’ असे विचारता मात्र त्याने शाळेतील हातच्याची रीत सांगितली! पण दोघांचा एक दोष सारखा निघाला, म्हणून दोघांची बुद्धी सारखी ठरत नाही. पांगळा माणूस आणि मोडकी खुर्ची दोन्ही लंगडतात.

खरी गोम प्रामाण्यात आहे. आपल्या नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानले, पण ते आप्ताच्या शब्दाला. ज्याने वस्तू जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. संभवनीय बोलणारा आप्त होत नाही.

न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात २०२३ मध्ये याचा प्रत्यय आला. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात प्रवाशाच्या वकिलांनी आधारादाखल जे निवाडे दिले, त्यांतले सहा अस्तित्वातच नव्हते. ते चॅटजीपीटीने रचले होते. वकिलाने यंत्रालाच विचारले होते की, हे निवाडे खरे ना? यंत्राने निःशंकपणे होकार दिला होता. त्याच्या लेखी खरे आणि खरे वाटणारे यांत अंतर नव्हते. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलरचा दंड ठोठावला, तो दोन वकिलांना आणि त्यांच्या कार्यालयाला. पोपटाला कोणी समन्स बजावले नाही.