भंगारवाला येण्यापूर्वी

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या घरी माळा साफ करण्याचा सोहळा होतो. यंदा सौ.ने वरून चावीचा फोनो माझ्या हाती दिला आणि विचारले, “अहो, हा भंगारात घालू ना? वीस वर्षे तरी वाजलेला नाही.” एरवी मी वर्तमानपत्रातून मान वर न काढता ‘घाल’ म्हणालो असतो. यंदा जीभ उचलली नाही. त्याला कारण एक पाळणा!

मुळशीचे नाव काढले, की कुणाला टाटांचे धरण आठवते, कुणाला सेनापती बापटांचा १९२१ सालचा सत्याग्रह. मला आठवते ती आजोळची जत्रा. आमचे आजोळ पौडच्या पुढे, मुळशी तालुक्यातच. जत्रेत चार पेट्यांचा लाकडी पाळणा येई. त्याला ना इंजिन, ना वीज. पाळणेवाला आऱ्यांवर सरसर चढे आणि आपल्या अंगाच्या भाराने पाळणा फिरवी. मधला आस करकरू लागला, की आमच्या पोटात गोळा उठे. तरी खाली उतरलो, की पुन्हा रांगेत!

१९८५ साली मामांचे पत्र आले. ‘पाळणेवाला थकला. पाळणा मोडीत काढतो म्हणतो. पुण्यात जुन्या वस्तू सांभाळणारे कुणी असेल, तर चौकशी कर.’ दिवे, अडकित्ते, वाद्ये जन्मभर गोळा करणाऱ्या दिनकर केळकरांचे संग्रहालय माझ्या घरापासून वीस मिनिटांच्या वाटेवर. पण ‘जत्रेतला पाळणा कोण घेणार!’ असे म्हणून मी हसलो आणि पत्र तारेला टोचून ठेवले. साधे उत्तरही धाडले नाही.

असल्या वस्तू घेणारी माणसे असतात, हे मला फार उशिरा कळले. इंग्लंडात नॉरफोक परगण्यातल्या थर्सफर्ड गावी जॉर्ज कुशिंग या गृहस्थांनी, वाफेची इंजिने भंगारात निघत होती तेव्हा ती जमवली. जोडीला जत्रेतली फिरती चक्रे आणि आपोआप वाजणारे ऑर्गनही. जत्रेच्या ऑर्गनला वाजवणारा लागत नाही. घड्यांच्या लांबलचक पुठ्ठ्याला भोके पाडलेली असतात. पुठ्ठा सरकतो, भोक आले की हवा सुटते आणि त्या त्या सुराची नळी वाजते. आपल्याकडे जॅकार्डच्या मागावर साडीची नक्षी अशाच भोकांच्या पुठ्ठ्यांवरून उतरते. तिथे वेलबुट्टी, इथे चाल!

पण इतक्या लांब तरी कशाला जा? मुळशीकडे जाणारा पौड रस्ता ज्या कोथरूडमधून जातो, तिथेच भाऊसाहेब जोशी यांनी १९९८ साली छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय उघडले. गेल्या मे महिन्यात नातवाला घेऊन गेलो होतो. एक चिमुकले शहरच आहे ते. गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, सर्कससुद्धा आहे. बाहेर येताच नातवाने विचारले, “आजोबा, तुमच्या जत्रेतला पाळणा कुठे ठेवलाय?”

पुढच्या रविवारी त्याला आजोळी नेले. मामा आता नाहीत. मामेभाऊ आम्हांला गोठ्यात घेऊन गेला. पाळण्याच्या आसाची तिथे तुळई झाली आहे. दोन्ही टोके झिजून काचेसारखी गुळगुळीत. मी नातवाला उचलून धरले. त्याने तिथे बोट फिरवले आणि म्हणाला, “मग हा फिरत का नाही?” मामेभाऊ हसला. मला हसू आले नाही.

म्हणून यंदा मी फोनो पुसला, चावी दिली, तबकडी चढवली. आधी नुसतीच घरघर. मग चाल सापडली. सौ. हातातला झाडू तसाच धरून दारात उभी राहिली. “बाबांना आवडायची ही तबकडी,” एवढेच म्हणाली.

वाचकहो, माळ्यावरचे सारेच काही ठेवता येत नाही. जागा आपल्याला ठाऊकच आहे! पण भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती वस्तू मुलांसमोर एकदा चालवून पाहा. आणि कुणाचे ‘चौकशी कर’ असे पत्र आले, तर तेवढे तारेला टोचू नका.