शेतकऱ्याला लीज्ड लाइन कशाला?
परवा ओझरला एकजण म्हणाला, "शेतकऱ्याला कशाला लीज्ड लाइन? मोबाईल आहे की." तिथं गप्प बसलो, इथं लिहितो.

डायल-अपला मोडेम ५६ केबीपीएसचा. नेट लावलं की घरचा फोन बंद. पण फसवणूक नव्हती, हळू म्हणजे हळू. आता '१०० एमबीपीएस' घ्या, सांजच्याला सगळी आळी नेटवर बसली की चाक गरगर फिरतंय. चारीच्या शेवटच्या टोकाचं पाणीच ते, वरच्यांचं भिजून उरलं तर आपलं. लीज्ड लाइन म्हणजे स्वतःची पाइपलाइन. ठरलं तेवढं मिळणार, येताना आणि जाताना सारखंच. आपल्याला जातानाचंच जास्त लागतं: बिबट्यासाठी गोठ्यावर लावलेला कॅमेरा, द्राक्षाच्या पानावरचा डाग तज्ज्ञाला दाखवायचा व्हिडिओ.

म्हणून घेतली. महाग आहे, खोटं कशाला बोलू. माझ्या पॅकहाउसला झेपते, दोन एकरवाल्याला नाही झेपायची. राग त्याचाच आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ ला मंजूर झाली, पुढं तिचं नाव भारतनेट. पंचायतीच्या पुढं मळ्यापर्यंत कोण आणणार?

आणि खर्चाचं कारण मला सांगू नका. आपल्या खोडदच्या दुर्बिणीच्या ३० तबकड्या, २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पांगलेल्या, फायबरनेच जोडल्यात, त्याही १९९० च्या दशकात. ताऱ्यांसाठी खांदता आलं ना?

येत्या ग्रामसभेत अर्ज देतोय. सह्या करायला कोण कोण येतंय, खाली लिहा.