मुठीतली अक्कल

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘शक्ती श्रेष्ठ की बुद्धी’ हा विषय निघाला की निकाल आधीच ठरलेला असतो. ससा सिंहाला विहिरीत उडी मारायला लावतो आणि बुद्धी जिंकते. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत आईबापांनीही हा निकाल पाठ केला आहे: पोरगं हुशार असेल तर क्लासला, नाहीतर वावरात. मला हा निकाल मान्य नाही.

बुद्धीची बाजू घेणाऱ्यांचा सर्वांत भक्कम पुरावा वऱ्हाडातलाच आहे, म्हणून आधी तोच घेतो. पुढे गाडगेबाबा झालेला डेबूजी मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे वाढला. अंगात बळ होतं, नांगराला हात बसलेला होता, वावर पिकत होतं. पण कागद वाचता येत नव्हता. सावकाराच्या कागदावर आंगठा उठला आणि वावर त्याच्या घशात गेलं. बळ असून काय उपयोग झाला, असं मग विचारलं जातं. मी उलट विचारतो: त्या घरात बुद्धी कमी होती का? वापसा कधी येतो, कोणत्या धुऱ्याशी पाणी तुंबतं, कोणता बैल उन्हात दम टाकतो, हे सगळं त्यांना कळत होतं. कमी होती ती अक्षरं, आणि ती त्यांच्यापर्यंत पोचूच दिली नव्हती. निरक्षराला निर्बुद्ध ठरवणं ही या वादातली मूळ लबाडी आहे. शिवाय सावकाराकडे तरी नुसती बुद्धी कुठे होती? त्याच्या पाठीशी कोर्ट होतं, जप्ती होती. तेही बळच.

पेरणीच्या दिवशी तिफनीमागे चालणारी बाई डोळ्यांपुढे आणा. चाड्यावर तिची मूठ असते. बैल अडखळले, काकर वाकडं झालं, माती पायाला चिकटली, तरी बी सारखंच पडलं पाहिजे. मूठ सैल झाली तर पीक दाट उगवतं, आवळली तर विरळ. आणि आठ दिवसांत ते अख्ख्या गावाला दिसतं. दिवसभर ढेकळांतून चालण्याचा दम आणि बोटांतलं मोजमाप तिथे वेगळं काढून दाखवा. निघत नाही. मजुरी देताना मात्र त्याला ‘अंगमेहनत’ म्हणतात, आणि तो शब्द उच्चारला की कामाचा भाव पडतो. बुद्धी श्रेष्ठ हे सूत्र मला खुपतं ते याचसाठी. ते वर्गात शोभतं आणि वावरात लुबाडतं.

पोलीस भरतीचा दाखलाही नेहमी पुढे येतो. मैदानी चाचणीला 50 गुण, लेखीला 100. म्हणजे सरकारनेच बुद्धीला दुप्पट मोल दिलं, असा युक्तिवाद. पण मैदानात निम्मे गुण पडले नाहीत तर लेखीच्या बाकावर बसताच येत नाही. पहाटे 1600 मीटरचा सराव करणाऱ्या पोरांना हे ठाऊक आहे.

अमरावतीने तर या वादाचं उत्तर फार आधी देऊन ठेवलं. 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं, आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या खेळाडूंनी तिथे हुतूतू करून दाखवला. हुतूतूत चढाई करणारा श्वास धरून समोर कोण कुठे उभा आहे ते हेरतो, परतीची वाट राखतो, आणि त्याच दमात पाय टाकतो. तिथे थांबून विचार करणारा पकडला जातो आणि विचार न करणाराही.

मग बळच मोठं म्हणायचं का? तेही नाही. ‘बळी तो कान पिळी’ म्हणणाऱ्यांना दापुऱ्याचं वावर पुरेसं आहे. मनगटाने गहाणखत फिटत नाही. त्याला दुसरा कागद लागला. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा पंजाबराव देशमुख विलायतेत वेदवाङ्मयावर डॉक्टरेट करून, बॅरिस्टर होऊन परतला, आणि तो मध्य प्रांत व वऱ्हाडचा मंत्री असताना 1933 साली कर्ज लवाद कायदा झाला. मला त्यांची विद्वत्ता मोठी वाटते, ती कुणासाठी राबली त्यामुळे. त्यांनी 1932 मध्ये शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती राबणाऱ्यांच्या घरात अक्षर जावं म्हणून. तिथल्या पोरांना राबण्याची लाज वाटावी म्हणून नव्हे. आज नेमकं उलट घडतंय. घरात पहिला पदवीधर होतो आणि बापाच्या हातांवरचे घट्टे लपवायला लागतो.

पूर्णेच्या काठी ऋणमोचनला यात्रा भरते. डेबूजीच्या काळी काठाच्या चिखलात यात्रेकरू घसरत. येणारे हजारो त्यातूनच वाट काढत. पाणी कुठवर चढतं, पाय कुठे निसटतो हे डेबूजीने बघून ठेवलं, फावडं घेतलं आणि पायऱ्या खोदायला लागला.