कलौंजीला चमत्कार कशाला हवा?

मांडवीच्या आसपास गांध्यांच्या दुकानांत (बडोद्यात ‘गांधी’ म्हणजे आधी जडीबुटीवाला, आडनाव नंतर) कलौंजीच्या तेलाची बाटली दिसतेच. विकणारा सांगतो, मृत्यू सोडून सगळ्या रोगांवर चालतं. हे वचन बुखारींच्या हदीस-संग्रहातलं, म्हणून भाविक गिऱ्हाईक पुढे विचारत नाही. कुणी इन्सुलिनही थांबवतो.

माझा वाद इथे आहे, आणि तो श्रद्धेशी नाही. इतिहासकार इब्न खलदून स्वतः काझी होता. 1377 च्या ‘मुकद्दिमा’त त्याने साफ लिहिलं की पैगंबर धर्म शिकवायला आले, वैद्यक शिकवायला नव्हे, त्यांच्या नावाने चालणारे औषधोपचार हे अरबांचं रोजच्या अनुभवाचं ज्ञान. खजुराच्या परागीकरणाबद्दलची हदीसही तेच सुचवते: आपला सल्ला चुकल्यावर पैगंबरांनी व्यवहारातलं तुम्हांलाच जास्त कळतं असं बागवानांना सांगितलं. मग कलौंजीवर सर्वरोगहारी असल्याचं ओझं कशाला? तिच्यातल्या थायमोक्विनोनवर प्रयोग झाले आहेत. लहान चाचण्यांत उपाशीपोटीची साखर आणि रक्तदाब थोडा उतरलेला दिसतो. थोडा. इन्सुलिनची जागा घेण्याइतका नाही.

सोनामुखीचं उदाहरण मला जास्त आवडतं. हदीसमधली ‘सना’ ती हीच. तिच्यातली सेनोसाइड्स मोठ्या आतड्याला चालना देतात, म्हणून पोट साफ होतं. जास्त झाली की मुरडा येतो, हेही घरोघरी ठाऊक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे, ती गुणावर.

आता दुसरा पक्ष, आमच्या बाजूच्या ओट्यावरचा: हे सगळं परक्यांचं वैद्यक, आपल्याला आयुर्वेद आहे. अहो, कलौंजी आयुर्वेदात उपकुंचिका म्हणून आहेच. आणि अब्बासी खलिफांच्या बगदादमध्ये चरक-सुश्रुत अरबीत गेले. वैद्य अल्-राझी चरकाचा हवाला देतो. घेणंदेणं दोन्हीकडून झालं. ज्याला हा व्यवहार बाटवणारा वाटतो, त्याने आधी इसबगोल सोडावं. नाव फारसी, ‘अस्प’ म्हणजे घोडा, बी घोड्याच्या कानासारखं म्हणून, असं सांगतात. इब्न सीनाच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथात त्याची नोंद आहे. पिकतं कुठे? बाकी जगाला ते पुरवणाऱ्या उंझा-सिद्धपूरच्या बाजारपेठा एकेकाळी गायकवाडीतच होत्या. 1998 मध्ये अमेरिकी अन्न-औषध प्रशासनाने त्याच्या भुशीला हृदयाच्या आरोग्याबाबतचा दावा करायला परवानगी दिली. भुशी पाणी शोषून फुगते, म्हणून भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, नाहीतर घशात अडकते. यात धर्म कुठे आला?

आमचे एक काका यावर फार तावातावाने बोलतात. मुसलमानी औषध घरात नको म्हणतात. रात्री जेवण झालं की चमचाभर इसबगोल कोमट पाण्यात ढवळून पितात, आणि मी अजून त्यांना नावाचा अर्थ सांगितलेला नाही.