तिकिटाची जादू आणि लाठीची जादू

आमचं एक वेड आम्ही चळवळीतल्या मित्रांपासून बरेच दिवस लपवून ठेवलं होतं. आम्हाला जादूचे प्रयोग बघायला आवडतात. शाळेत असताना मैदानावर तंबू लागला की घरी खोटं बोलून आम्ही पहिल्या रांगेत जाऊन बसायचो, आणि समाजशास्त्रात एम. ए. केल्यावरही ती खोड गेलेली नाही. गेल्या महिन्यात पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात असाच एक प्रयोग लागला. वस्तीतल्या आमच्या अभ्यासवर्गातली नऊ मुलं घेऊन आम्ही गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच एका कार्यकर्त्या मित्राचा फोन आला. "विहारात पोरांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणून घेता आणि रात्री त्यांना जादू दाखवायला नेता? हा कुठला धम्म?"

त्याला उत्तर द्यायला म्हणून आम्ही हा लेख लिहायला घेतला. लिहिता लिहिता कळलं की मित्राचा प्रश्न तसा सोपा होता. अवघड प्रश्न त्या रात्री आमच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता.

आधी सोप्या प्रश्नाचं बघू. पडदा उघडल्यावर त्या जादूगाराने पहिलंच वाक्य असं टाकलं की हा चमत्कार नाही, ही हातचलाखी आहे, आणि कुणी बुवा तुम्हाला हेच दाखवून पैसे मागत असेल तर त्याला माझ्याकडे पाठवा. टाळ्या पडल्या. पुण्याच्या जादूगार रघुवीरांपासून मराठी रंगमंचावर जादूचे प्रयोग लोकांनी तिकीट काढून बघितले आहेत आणि त्या घराण्याची तिसरी पिढी आज प्रयोग करते आहे. या परंपरेत जादूगार प्रेक्षकाशी एक करार करतो: मी तुम्हाला फसवणार आहे, तुम्हाला ते माहीत आहे, आता पकडून दाखवा. बुवा हा करार मोडतो. हात तोच, युक्ती तीच, फक्त तो वर म्हणतो की ही माझी सिद्धी आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत नेमकं हेच पकडलं आहे. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळवणं आणि लोकांना फसवणं, दहशत घालणं, हा तिथला गुन्हा आहे. तो कायदा येण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, तेव्हा कुठे सरकारने वटहुकूम काढला. नाट्यगृहातल्या जादूगाराला त्या कायद्याची भीती नाही, कारण त्याचा दावाच नाही.

आणि मित्राने धम्माचं नाव काढलंच आहे तर दीघनिकायातलं केवट्ट सुत्त त्याने वाचावं. नालंदेचा केवट्ट बुद्धांना गळ घालतो की एखाद्या भिक्खूला चमत्कार करायला सांगा, लोक जास्त संख्येने आपल्याकडे येतील. बुद्ध नकार देतात. त्यांचं म्हणणं असं की ज्याची श्रद्धा नाही तो लगेच म्हणेल, हा तर गांधारी विद्येचा खेळ आहे. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी बुद्धांनी संशय घेणाऱ्या माणसाचा मुद्दा स्वतःच्या तोंडाने मांडला, त्याला नास्तिक म्हणून हाकललं नाही. शिकवण समजावून देणं, हाच त्यांनी श्रेष्ठ चमत्कार मानला. (आज आपल्याच काही विहारांत परित्राण पाठाच्या धाग्याला ताईताचा भाव आला आहे. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहावं लागेल आणि शिव्याही खाव्या लागतील.)

खरी जादू बघायची असेल तर आपल्याच रायगड जिल्ह्यात महाडला जा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं तेच, पाणी तेच, पण सवर्णांच्या मते ते बाटलं. मग गावकऱ्यांनी तळ्यातून १०८ घागरी पाणी काढून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलं, मंत्र म्हटले, घागरी परत तळ्यात ओतल्या आणि पाणी शुद्ध झालं! रिकाम्या टोपीतून ससा काढणारा यापुढे काय आहे? तो प्रयोग करणाऱ्यांनी 'ही हातचलाखी आहे' असं सांगितलं नव्हतं. म्हणून मुलांना हातचलाखी दाखवली पाहिजे असं आमचं मत आहे. डोळ्यांसमोर फसवता येतं, हे एकदा मजेत अनुभवलेलं मूल पुढे घागरींकडेही संशयाने बघेल.

इथपर्यंत आमचं मित्राशी भांडण आम्ही जिंकलेलं आहे. पण मध्यंतरानंतर काय झालं ते ऐका.

प्रयोगात एक विनोदी प्रवेश होता. जादूगाराचा सहायक फाटकं पागोटं घालून, हातात डमरू घेऊन, मोडकीतोडकी हिंदी बोलत आला. 'जमूरे!' अशी आरोळी. मग त्याची युक्ती मुद्दाम फसते, गोळी बाहीतून खाली पडते, तो प्रेक्षकांपुढे झोळी पसरतो आणि सूटबूट घातलेला जादूगार त्याला हुसकावून लावतो. सभागृह हसून लोळत होतं. आम्हीही हसलो, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या शेजारी बसलेला तेरा वर्षांचा मुलगा हसला नाही. तो गारुडी कुटुंबातला आहे. हसून झाल्यावर ते आमच्या लक्षात आलं.

बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर त्याने कागदाचे तीन कप उलटे ठेवले आणि बिस्किटाच्या तुकड्याची गोळी केली. गोळी ह्या कपाखाली, आता त्या कपाखाली, आता तिन्ही कपांखाली. आम्ही एका हाताच्या अंतरावरून बघत होतो, वीस वर्षांचा चाहता म्हणून बघत होतो, तरी पकडता आलं नाही. आम्ही विचारलं, कुठे शिकलास? तो म्हणाला, "सर, माझा आजा करतो. त्याची गोळी कधी पडत नाही."

त्या एका वाक्याने आमच्या तीनशे रुपयांच्या तिकिटाचा हिशेब चुकवला. रंगमंचावर बघितलेल्यातलं रस्त्यावरून आलेलं किती होतं? पेटीत मुलगी बसवून तलवारी खुपसणं घ्या. टोपलीत पोर बसवून सुरी खुपसायचा खेळ आपल्याकडच्या रस्त्यावर आधीपासून होता. १८६५ मध्ये कर्नल स्टोडेअर नावाने वावरणाऱ्या इंग्रज जादूगाराने तोच 'भारतीय टोपलीचा खेळ' लंडनच्या रंगमंचावर नेला आणि नाव कमावलं. त्याच लंडनमध्ये रामो सामी हा अस्सल भारतीय खेळाडू अनेक वर्षं लोकांना थक्क करत होता. १८५० मध्ये तो मेला तेव्हा त्याच्या दफनासाठी बायकोला लोकांकडे पैसे मागावे लागले. पुढे पी. सी. सरकार यांनी भारतीय जादूला जगात मान मिळवून दिला, त्यांच्या कौशल्याबद्दल वादच नाही. पण ते रंगमंचावर महाराजाच्या पोशाखात यायचे, हेही बघा. आपल्या देशात कलेला मान हवा असेल तर आधी अंगावरची झोळी उतरवून राजाचा अंगरखा घालावा लागतो. झोळीवाला मग विनोदी प्रवेशापुरता उरतो.

मठात ही युक्ती केली तर लोक पाया पडतात, नाट्यगृहात केली तर तिकीट काढतात. रस्त्यावर केली तर? मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९ काढून बघा. भिक्षेच्या व्याख्येत गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं, अशा निमित्ताने सार्वजनिक जागी पैसे घेणंही घातलेलं आहे. पोलीस विनावॉरंट पकडू शकतात. पहिल्यांदा दोषी ठरलात तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडलात तर दहा वर्षांपर्यंत. हाच कायदा दिल्लीला लावलेला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातली गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य म्हणून रद्द केली. तो निकाल दिल्लीपुरता. ज्या महाराष्ट्रात हा कायदा जन्मला तिथे तो अजून उभा आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला म्हणून आपण दरवर्षी विमुक्त दिन पाळतो, पण सात वर्षांतच भटक्या माणसाच्या पोटापाण्याला गुन्हा ठरवणारा दुसरा कागद तयार झाला होता, हे आमच्या भाषणांत येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गारुड्याच्या टोपलीतला साप सुटला, ते योग्यच झालं. सापाचं संरक्षण झालं. टोपली उचलणाऱ्या माणसाने पुढे काय करायचं, हे त्या कायद्याने ठरवलं नाही, आणि नंतरही कुणी नीट ठरवलं नाही.

आता आपल्या घरात बघू. अंधश्रद्धेविरुद्धच्या कार्यक्रमात आम्ही स्वतः जिभेवर कापूर जाळला आहे, पाणी शिंपडून नारळ पेटवला आहे. बुवांचं पितळ उघडं पाडायला हातचलाखी शिकलो, ती दाखवून टाळ्या घेतल्या. पण ज्या जमातींनी ही विद्या शेकडो वर्षं पोटासाठी जपली त्यांच्यातल्या एकालाही 'गुरुजी' म्हणून आम्ही व्यासपीठावर बोलावलं नाही. उलट आमच्या भाषणात 'गारुडी' हा शब्द शिवीसारखा येतो: अमका पुढारी म्हणजे नुसता गारुडी! गटारात उतरणाऱ्याच्या जातीची शिवी कुणी दिली तर आपण ॲट्रॉसिटीचा कागद काढतो. मग ही शिवी आपल्या जिभेवर इतकी सहज कशी बसली?

तरुण मित्रांनो, जादूच्या प्रयोगाला जा, तिकीट काढून जा, मनापासून टाळ्या वाजवा. झोळीवाल्याचा प्रवेश आला तर मात्र टाळी थांबवा आणि प्रयोगानंतर आत जाऊन कलावंताला सांगा. आम्ही त्या रात्री सांगितलं नाही. पोरांना वेळेत घरी पोचवायचं होतं, ही सबब आम्हीच आम्हाला दिली. दुसऱ्या दिवशी त्या कलावंताला पत्र लिहिलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

येत्या २० ऑगस्टला विहारात कार्यक्रम आहे. यंदा कापूर-नारळ आम्ही करणार नाही. त्या मुलाच्या आजोबांना रीतसर मानधन ठरवून निमंत्रण द्यायला आम्ही त्यांच्या झोपडीत गेलो. तीन वाट्यांचा खेळ त्यांनी करावा, आणि मग तो कसा केला यातलं त्यांना वाटेल तेवढंच त्यांनी उलगडावं, असं आमचं म्हणणं होतं. सगळं उलगडा असं आम्ही म्हणू शकत नाही, ती त्यांची रोजीरोटी आहे. म्हातारबाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मानधनाचा आकडा विचारला नाही, वेळ विचारली नाही. एवढंच म्हणाले, "विहार कंपाउंडच्या आत आहे ना? रस्त्यावरून दिसत नाही ना?"