पत्ता कोणाच्या हाती द्यायचा?



परवाच्या बैठकीत आमच्यात चांगलीच जुंपली. आमच्यातल्याच एकीने वर्षानुवर्षं गावोगाव फिरून बायकांच्या आरोग्यावर पुस्तक लिहिलं आहे. तिने हातातला मोबाइल सगळ्यांपुढे धरला. तिच्या पुस्तकाची पीडीएफ कुठल्याशा ग्रुपवर फुकट फिरत होती आणि वर 'समाजसेवा म्हणून' असा शेराही होता! "चोराला कसली आली आहे गोपनीयता?" ती तावातावाने म्हणाली. "कंपनीने त्याचं नाव-पत्ता सरळ माझ्या हातात द्यावा. कोर्टकचेऱ्या कशाला?" बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तिचा राग खोटा नाही. बाईचे श्रम फुकटचे समजण्याची सवय स्वयंपाकघरात लागते आणि छापखान्यापर्यंत जाते. पण 'पत्ता सरळ हातात द्या' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मारहाण करणाऱ्या नवऱ्याचं घर सोडलेल्या बाईचं सर्वांत मोठं संरक्षण कोणतं? कोर्टाचा कागद? पोलीस? नव्हे. ती कुठे राहते हे त्याला ठाऊक नसणं. आमच्या केंद्रातल्या एकीचा नवा नंबर नवऱ्याने ओळखीच्या मोबाइलवाल्याकडून काढला. दुकानदाराला त्यात काही वावगं वाटलं नाही. "घरचाच माणूस विचारतोय," म्हणाला. चार दिवसांत नवरा दारात! रातोरात तिला दुसऱ्या जिल्ह्यात हलवलं. पोराची शाळा सुटली ती सुटलीच. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात गोपनीयता हे मूल्य आम्ही परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला त्या रात्री कळला.

'कोर्टकचेऱ्या कशाला' हा प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. तिथल्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यात एक कलम आहे. आपण कॉपीराइटचे मालक आहोत असं शपथेवर लिहून द्यायचं, कोर्टाच्या कारकुनाने शिक्का मारायचा आणि त्या कागदावर इंटरनेट कंपनीने ग्राहकाचं नाव-पत्ता द्यायचा. न्यायाधीशाने प्रकरण बघायची गरज नाही. २००२ मध्ये गाण्यांच्या कंपन्यांच्या संघटनेने व्हेरायझन कंपनीकडे अशी मागणी केली. व्हेरायझनने नकार दिला आणि भांडण कोर्टात गेलं. त्या वादात एक प्रश्न उघडपणे विचारला गेला: हाच कागद घेऊन उद्या बाईचा पाठलाग करणारा आला तर कारकून त्याला ओळखणार कसा? दरम्यान सप्टेंबर २००३ मध्ये या संघटनेच्या कंपन्यांनी २६१ जणांवर दावे ठोकले. त्यात एक बारा वर्षांची शाळकरी मुलगीही सापडली. डिसेंबर २००३ मध्ये अपील कोर्टाने व्हेरायझनच्या बाजूने निकाल दिला, पण तो केवळ कलमाचा अर्थ लावून. नुसती जोडणी पुरवणाऱ्या कंपनीला हे कलम लागू नाही, एवढंच कोर्ट म्हणालं. मजकूर साठवणाऱ्या कंपन्यांसाठी ती खिडकी आजही उघडी आहे.

पुढे 'प्रेंडा लॉ' नावाच्या वकिली पेढीतल्या दोघांनी तर कमाल केली. अश्लील चित्रफिती स्वतःच इंटरनेटवर टाकायच्या, ज्यांनी उतरवून घेतल्या त्यांचे पत्ते कोर्टामार्फत मिळवायचे आणि बदनामीची भीती घालून पैसे उकळायचे. २०१९ मध्ये एकाला १४ वर्षांची, दुसऱ्याला ५ वर्षांची शिक्षा झाली. आणि हे तर कोर्टाच्या डोळ्यांदेखत चाललं होतं!

शिवाय त्या आयपी पत्त्यावरून सापडतो तो बिल भरणारा. उतरवून घेणारा कोण, ते नाही. आपल्याकडे वायफायचं बिल कोणाच्या नावावर असतं? नवऱ्याच्या, सासऱ्याच्या. नोटीस घरी आली की तो फोडणार. मग सून रात्री मोबाइलवर काय बघते, याची पंचायत बसणार, आणि तिथे अपिलाची सोय नाही.

आता 'मालक' या शब्दाकडे बघा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे फोटो काढणारा, आणि साधारणपणे पहिला मालकही तोच. फोटोतली बाई नव्हे! म्हणजे नवऱ्याने किंवा प्रियकराने काढलेल्या बाईच्या खासगी फोटोवर कॉपीराइट त्याचा. मारहाणीच्या खुणा दाखवायला तिने त्याच्याच कॅमेऱ्यातला फोटो निनावीपणे कुठे टाकला, तर 'माझा फोटो चोरला, हिचा पत्ता द्या' म्हणायला तो मोकळा. कारकुनाच्या कागदावर चोर कोण दिसेल?

मैत्रीण म्हणाली, "आपल्याकडे तर कोर्टच सांगतं की पत्ता द्या." बरोबर आहे. ३० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने टेलिग्रामला तसा आदेश दिला. तिथेही फिर्यादी एक शिक्षिका होती आणि तिचीच पुस्तकं, तिचेच तास फुकट वाटले जात होते. टेलिग्रामने खासगीपणाचा मुद्दा काढला. न्यायमूर्ती प्रतिभा सिंग यांनी तो मानला नाही. या आदेशाशी माझं भांडण नाही. न्यायाधीशाने पुरावा पाहिला, समोरच्या कंपनीचं ऐकलं, ठरावीक चॅनेलांपुरती माहिती मागितली. हीच तर कोर्टकचेरी! मैत्रिणीला ती नको आहे आणि मला नेमकी तेवढीच हवी आहे.

चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. एप्रिल २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सिनेमा कंपन्यांना सोय करून दिली: बंद केलेली पायरेट साइट नव्या नावाने उगवली की नवा दावा नको, सहनिबंधकाकडे अर्ज केला की पुरे. २०२१ मध्ये तिथेच एक बाई आली होती. तिच्या फेसबुक-इन्स्टाग्रामवरचे फोटो उचलून कोणीतरी अश्लील साइटवर टाकले होते. काढायचा आदेश झाला, तरी ते पुन्हा पुन्हा दुसरीकडे उगवत राहिले. सिनेमाला एक अर्ज पुरतो आणि बाईला मात्र उंबरठे झिजवायला लागले. मजकूर झपाट्याने हटवायचं यंत्र तयार असेल, तर ते आधी तिच्यासाठी चालवा! मजकूर हटवायला कोणाचा पत्ता लागत नाही.

बैठकीत मी एवढंच मांडलं: पीडीएफ तात्काळ हटवा, पण पत्ता न्यायाधीशाशिवाय कोणी देऊ नये, आणि ज्याचा द्यायचा त्याला आधी कळवून बोलू द्यावं. मैत्रीण म्हणाली, "तोवर माझी दुसरी आवृत्ती बुडेल." यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. तिच्यासाठी वकील शोधायचं काम मात्र मी अंगावर घेतलं आहे. कोणा वाचक मैत्रिणीने असा दावा लढवला असेल, तर खर्च किती आला आणि किती महिने लागले, हे जरूर कळवा.