बॅलेचा हंगाम आणि पालकांची बिनपगारी पाळी

नोव्हेंबरमधील चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण आटोपतो आणि अमेरिकेतील लहानमोठ्या शहरांत ‘नटक्रॅकर’ या बॅलेचे प्रयोग सुरू होऊ लागतात. चायकोव्हस्कीचे संगीत, नाताळच्या रात्री एका मुलीला भेट मिळालेला अक्रोड फोडण्याचा लाकडी बाहुला, उंदरांची आणि शिपायांची लढाई, त्यापाठोपाठ मिठायांचे स्वप्नराज्य, असा हा खेळ. न्यूयॉर्कच्या भव्य रंगमंदिरापासून एखाद्या आडगावच्या हायस्कुलातील सभागृहापर्यंत तो होत असतो, आणि त्यातील उंदीर, शिपाई, देवदूत, मेजवानीस आलेली मुले ही कामे बहुतेक ठिकाणी बॅले-शाळांतील मुलेच करतात. आत टाळ्यांचा कडकडाट होत असताना बाहेर वाहनतळावर कोणी आई किंवा बाप मोटारीच्या चाकावर डोके टेकून डुलकी घेत असतो. या थकव्याची चर्चा अमेरिकेत होते ती बहुधा थट्टेच्या सुरात. वास्तविक ती अर्थशास्त्राच्या अंगाने व्हावयास हवी.

हंगाम प्रेक्षकांच्या लेखी महिनाभराचा असला तरी पालकांच्या लेखी तो उन्हाळा सरता सरताच सुरू होतो. प्रथम निवडचाचणी, मग शनिवार-रविवारच्या तालमी, आणि अखेरीस प्रत्यक्ष रंगमंचावर दिवे, वाद्यवृंद व वेशभूषेसह होणाऱ्या तालमींचा आठवडा. या आठवड्यात दुसऱ्या दिवशी शाळा असलेले मूल रात्री उशिरा घरी येते, आणि त्याला आणणारा माणूस सकाळी कचेरीत असतो. केसांचा घट्ट अंबाडा घालणे, फाटलेला पोशाख शिवणे, रंगमंचामागे वीस उंदरांना गप्प बसवणे, मध्यंतरात फुले आणि बाहुले विकणे ही कामेही पालकांचीच. अनेक शाळांत प्रवेशाच्या वेळीच सहभागशुल्क, पोशाखाचा आकार आणि ठरावीक तासांचे ‘स्वेच्छाकार्य’ यांवर सही घेतली जाते. तास भरले नाहीत तर काही ठिकाणी त्यांचे पैसे पडतात. स्वेच्छेला दंड लावण्याची ही पद्धत मजेदारच म्हणावी लागेल.

प्रारंभी असे नव्हते. हा बॅले डिसेंबर १८९२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंदिरात प्रथम सादर झाला, तेव्हाही त्यात मुले होतीच. परंतु ती झारच्या नाट्यशाळेचे विद्यार्थी होती. निवासी विद्यार्थ्यांचे शिक्षण, जेवणखाण, कपडालत्ता राजकोशातून चाले आणि रंगमंदिरात नेण्याआणण्यास शाळेच्या बग्ग्या असत. त्या शाळेत १९१३ मध्ये दाखल झालेला जॉर्ज बालांशिन लहानपणी या बॅलेत नाचला होता. सॅन फ्रान्सिस्को बॅलेने १९४४ मध्ये अमेरिकेत प्रथमच पूर्ण लांबीचा ‘नटक्रॅकर’ केला आणि १९५४ मध्ये बालांशिनने न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी त्याची नवी मांडणी केली. तीत मुलांच्या भूमिका मुलांनीच करण्याची रीत त्याने जपली, आणि देशभर तिचे अनुकरण झाले. रशियातून संगीत आले, कथा आली, मुलांच्या भूमिका आल्या. बग्गी मात्र आली नाही. तिची जागा पालकांच्या मोटारीने घेतली.

हे का घडले याचे उत्तर विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगकलांच्या अर्थकारणावरील ग्रंथात सापडते. कारखान्यात यंत्रे आली की दर माणशी उत्पादन वाढते आणि वाढीव मजुरी त्यातून भागते. चार वादकांची रचना वाजवण्यास मात्र बीथोव्हेनच्या काळी जितकी माणसे आणि जितका वेळ लागे तितकाच आजही लागतो. वादकाचे वेतन इतरांच्या बरोबरीने वाढवावे तर लागते, पण त्याची उत्पादकता वाढत नाही. परिणामी खर्च आणि उत्पन्न यांतील दरी रुंदावत जाते. युरोपात ही दरी मोठ्या प्रमाणावर सरकारी अनुदानाने भरली जाते. अमेरिकेत १९६३ मध्ये फोर्ड फाउंडेशनने बॅले संस्थांना सुमारे ७७ लाख डॉलर दिले, १९६५ मध्ये कलांसाठी केंद्रीय निधीही स्थापन झाला, तरी युरोपीय धर्तीची हमी कधीच मिळाली नाही. मोठ्या बॅले संस्थांच्या वार्षिक तिकीटविक्रीपैकी सुमारे ४० टक्के रक्कम एकट्या ‘नटक्रॅकर’मधून येते, याचे रहस्य येथे आहे. डिसेंबरातील या कमाईवर उरलेल्या वर्षातील गंभीर प्रयोग जगतात.

आणि या कमाईत मुलांचा वाटा दुहेरी आहे. गावोगावच्या शाळांत त्यांना वेतन नसते, उलट तीच शुल्क भरतात. शिवाय प्रत्येक मुलामागे आईबाप, आजीआजोबा, शेजारी असा तिकीट काढणारा गोतावळा येतो. मुलांचे दोन संच करून त्यांना आलटून पालटून नाचवण्याची प्रथा आहे. त्यामुळे प्रत्येक मुलावरचा भार निश्चितच हलका होतो. गोतावळाही अर्थातच दुप्पट होतो. कोविडमुळे २०२० चा हंगाम जवळपास सर्वत्र बुडाला. २०२१ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेने लस घेऊ शकणाऱ्या, म्हणजे बारा वर्षांपुढील मुलांनाच घेतले आणि त्यांच्या मापाचे पोशाख करण्याची खटपट केली, पण मुलांवाचून प्रयोग केले नाहीत.

एवढ्या महत्त्वाच्या श्रमाची नोंद कोठे होते? अमेरिकेच्या १९३८ च्या श्रमविषयक केंद्रीय कायद्याने बालमजुरीवर निर्बंध घातले, पण नाटक-चित्रपटांतील बालकलाकारांना त्यांतून वगळले. काही राज्यांत मुलांच्या तासांवर मर्यादा आहेत. पालकाच्या तासांचा तेथेही विचार नाही. १९९३ च्या हिशेबविषयक मानकानुसार सेवाभावी संस्थेला मिळालेली बिनमोल सेवा तिच्या जमाखर्चात धरावयाची असेल, तर त्या सेवेस विशेष कौशल्य लागले पाहिजे किंवा तिच्यातून काही मालमत्ता निर्माण झाली पाहिजे. वकिलाने फुकट दिलेला सल्ला त्यामुळे हिशेबात येऊ शकतो. पाच तास थंडीत थांबलेली आई येत नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की कोणी कोणावर सक्ती केलेली नाही. पालक हौसेने हे करतात. हौस खरी आहे आणि मुलांना मिळणारा आनंदही खरा आहे. तथापि हौसेलाही किंमत असते, आणि ती केवळ पैशात नसते, हे गॅरी बेकर यांनी १९६५ मध्येच वेळेच्या वाटपाविषयीच्या निबंधात दाखवून दिले. गॅरी आणि व्हॅलेरी रेमी यांनी २०१० मध्ये दाखवले की १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत, विशेषतः उच्चशिक्षित पालकांचा, मुलांसाठी जाणारा वेळ झपाट्याने वाढला. महाविद्यालयीन प्रवेशाची चुरस हे कारण त्यांनी पुढे केले. अशा चुरशीत एकट्याने हौस आवरणे सोपे नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी पालकांच्या ताणाविषयी जाहीर इशारा दिला. त्यातील आकडेवारीनुसार ४८ टक्के पालकांना बहुतेक दिवशी ताण पूर्णपणे असह्य वाटतो. इतर प्रौढांत हे प्रमाण २६ टक्के आहे. त्यात बॅलेचा संबंध नाही हे उघड आहे, पण डिसेंबरातील थकवा या साचलेल्या ताणावरच येऊन बसतो.

खरा अन्याय मात्र थकलेल्या पालकावर होत नाही, तर ज्याला थकण्याचीही मुभा नाही त्याच्यावर होतो. तासाच्या मजुरीवर दुकानात राबणाऱ्या आईची डिसेंबरातील पाळी आयत्या वेळी बदलते. खासगी नोकरीत भरपगारी रजा देण्याची सक्ती अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात नाही. १९९३ च्या कौटुंबिक रजेच्या कायद्याने मिळते ती बिनपगारी रजा, तीही आजारपण किंवा बाळंतपण अशा कारणांसाठी. बॅले-शाळा गुणी मुलीला शुल्कमाफी देतात, हे स्तुत्यच. पण माफ होते ते शुल्क. सायंकाळी पाच वाजता तिला तालमीस पोचवणारे मोकळे माणूस त्या माफीत मिळत नाही.

न्यू जर्सी वा कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. तेथील मंडळांच्या गणेशोत्सवाच्या आणि दिवाळीच्या कार्यक्रमांच्या तालमी याच ऋतूत येतात, आणि एखाद्या संध्याकाळी मुलाला सांभाळू शकतील असे आजीआजोबा बहुधा सातासमुद्रापलीकडे असतात.

उपाय फार मोठे नाहीत. तालमींचे पक्के वेळापत्रक आरंभीच द्यावे, शाळा सुटल्यावर मुलांसाठी बस ठेवावी, आणि वार्षिक अहवालात पालकांच्या तासांची बेरीज छापावी. बसचा खर्च तिकिटावर चढेल, असे संस्था म्हणतील, आणि ते खोटे नाही. लहान गावांतील काही संस्थांना तो कदाचित झेपणारही नाही. तेथे नगरपालिकेने किंवा राज्याच्या कलानिधीने तो उचलावा काय, हा वादाचा विषय आहे. आज तो वादच होत नाही, कारण सगळा खर्च वाहनतळावर पेंगणाऱ्या माणसाच्या नावावर पडलेला असतो.